डोणीवरचा हात

पूर्वी हेमावती नदीकाठच्या एका नगरात वीरसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कोळ्यांच्या कुळात जन्मला होता. वस्तीचा तो नाईक, नाव तारक. त्या नदीत सोनखवल्या नावाचा मासा होता. दरवर्षी तो प्रवाहाविरुद्ध डोंगराकडे चढे आणि तिथल्या थंड पाण्यात अंडी घाली. राजाने शेतीसाठी नदीवर दगडी बंधारा घातला आणि माशाची वाट बंद झाली. शेते पिकली, मासा संपत आला. सातव्या वर्षी बंधाऱ्याच्या पायथ्याशी धडका देणारी एकच जोडी उरली.

कोळी म्हणाले, "नाईक, दोनच तर आहेत. आपण नाही खाल्ले तर दुसरं कुणी खाईल." बोधिसत्त्वाने ऐकले नाही. त्याने मादीची अंडी हलक्या हाताने परातीत उतरवून घेतली, त्यांवर नराचे रेत घेतले आणि जोडी पुन्हा नदीत सोडली. मग झऱ्याकाठी छपरी उभारून तीन दगडी डोण्या मांडल्या, झऱ्याचे पाणी त्यांतून खेळवले, अंडी त्यांत सोडली आणि वर लाकडी झाकणे ठेवली, कारण या अंड्यांना उजेड सोसत नाही. ही अंडी गेली असती तर नदीतून सोनखवल्या कायमचा गेला असता.

काम एकट्याचे नव्हते. पाण्याच्या वाटेत सारखी पाने अडकत आणि ती काढावी लागत. बोधिसत्त्वाने नगरात दवंडी पिटवली, की ज्याला सवड असेल त्याने यावे, मिळणार काही नाही. आणि नवल असे की लोक आले. तेली आले, सुतार आले, आणि सगळ्यांच्या पुढे आली पुन्नी कुंभारीण. बोधिसत्त्वाने पाळ्या लावून दिल्या आणि सांगितले, "पानं काढा. झाकण उघडू नका. अंड्यांना हात लावू नका."

लोक चांगले होते, पण चांगल्या माणसांना स्वस्थ बसणे फार जड जाते. कोणी विचारी, आज फुटतील का. कोणी शपथेवर सांगे, काल एक हलले होते. सर्वांचे हात शिवशिवत. पुन्नीचा जीव तर असा टांगणीला लागला होता की चाकावर गाडगे अर्धे टाकून ती छपरीत धावत येई आणि झाकणाला कान लावी. माशाचे अंडे काय बोलणार होते तिच्याशी?

पाचव्या दिवशी बोधिसत्त्व झऱ्याच्या उगमाकडे गेला होता. पुन्नी म्हणाली, "बायांनो, आज पाचवा दिवस. लेकरं कुणाची का असेनात, पाचवी पुजायला नको?" सगळ्यांना पटले. त्यांनी पहिल्या डोणीचे झाकण काढले, हळदीचे पाणी शिंपडले, दूध ओतले, कुंकू वाहिले, आणि पुन्नीने अंड्यांवरून मायेने हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोणीतली सारी अंडी पांढरीफटक पडली होती.

कोळी खवळले. "नाईक, या नगरच्या लोकांना हाकला. नाहीतर उद्या उरलेल्या डोण्यांचं बारसं करतील."

पुन्नी दाराबाहेर बसून रडत होती. बोधिसत्त्वालाही फार वाईट वाटले. तो म्हणाला, "हाकललं तर या दोन डोण्या वाचतीलही. पण मासा नदीत गेल्यावर त्याला कोण राखणार? नदी काही आपल्या एकट्यांची नाही. चूक माझी आहे. काय करू नका ते मी सांगितलं, का करू नका ते सांगितलं नाही."

त्याने सर्वांना डोणीभोवती बसवले. एक मेलेले अंडे तळव्यावर घेतले आणि समजावले, की अंड्यात डोळ्याचा काळा ठिपका उमटेपर्यंत नुसता धक्काही जिवावर बेततो, आणि एक मेले की त्याची बुरशी शेजारच्याला धरते. लोक प्रथमच गप्प बसून ऐकत होते.

मग तो म्हणाला, "पुन्नी, उरलेल्या दोन डोण्यांची राखण तुझ्याकडे."

"नको, नाईक. माझ्या हातानं मेली ती."

"म्हणूनच. हात काय करतो ते तुझ्याइतकं इथं कुणाला ठाऊक आहे?"

दुधाने तोंड पोळलेली पुन्नी आता ताकही फुंकून पिऊ लागली. दोन्ही झाकणांवर एकेक तळवा टेकून ती बसे. तळमळ काही गेली नव्हती. पाय हलत, ओठ हलत, दर घटकेला वाटे की एकदाच उघडून बघावे. हात मात्र ती हलू देत नसे.

नवव्या दिवशी राजा आला. तोही उतावळाच होता. "बघू तरी," म्हणत त्याने झाकणाला हात घातला.

"महाराज, हात मागं घ्या," पुन्नी म्हणाली. सेवकांचे हात तलवारींवर गेले.

राजाने विचारले, "का?"

तेव्हा पुन्नीने सगळे सांगितले, हळदीचे पाणीही लपवले नाही. शेवटी म्हणाली, "एक डोणी मी मारली. ही तुम्ही मारू नका."

राजा तिथेच जमिनीवर बसला आणि संध्याकाळपर्यंत पाने काढीत राहिला. निघताना त्याने बोधिसत्त्वाला विचारले, "ही पिल्लं मोठी होऊन परतली, तर वर जातील कुठून?"

"आपल्या बंधाऱ्यावर डोकं आपटतील, महाराज."

दुसऱ्या दिवशी पाथरवट आले आणि बंधाऱ्याच्या कडेला पाण्यासाठी पायऱ्या खोदू लागले. बाराव्या दिवशी दोन्ही डोण्यांतली अंडी फुटली, आणि पुढे पिल्ले नदीत सोडली. चौथ्या वर्षी सोनखवल्या त्या पायऱ्या चढून गेला, तेव्हा सारे नगर काठावर हात पाठीमागे धरून उभे होते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, उत्तिय नावाच्या भिक्षूला सांगितली. हा उत्तिय ध्यानाला बसला की दहा वेळा उठे आणि फळ कधी मिळणार म्हणून ज्याला त्याला विचारी. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा उपासक नंदिय. नगरजन म्हणजे इथे बसलेली ही परिषद. आणि तारक नाईक मीच होतो."

उत्तियाला राहवले नाही. "भंते, आणि ती कुंभारीण?"

"ती तू होतास, उत्तिय. तुझे मन तेव्हाही क्षणभर ठरत नव्हते, पण हात तू हलू दिला नाहीस. मन शांत झाल्यावर कोणीही बसेल. ते तळमळत असताना जो बसून राहतो, त्याच्यापाशी क्षांती असते, खरा धीर असतो."