खुंटीवरचे महाराज

ही गोष्ट घराबाहेर सांगायची नाही, अशी काकूची तंबी आहे. म्हणून मी ती नुसती लिहिते आहे.

महादूकाकाने गांजा सोडून दोन वर्षं झाली होती. ती दोन वर्षं काकूने त्याला डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. अशात गावात कीर्तनाला आलेले अच्युतमहाराज आमच्याकडे जेवायला आले. ओसरीवर टेकताच त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ खुंटीला अडकवली आणि चिलीम भरली.

"महाराज, माळकऱ्याला गांजा चालतो?" काकूने विचारलं.

"नेम माळेचा असतो, बाई. माळ उतरली की मी तुमच्यासारखाच साधा माणूस," असं म्हणत त्यांनी चिलीम काकापुढे धरली. "घ्या आबा, शंकराचा प्रसाद!"

काकाचा हात पुढे सरकला.

काकूने खुंटीखाली पाट मांडला, पुरणपोळीचं ताट वाढलं आणि माळेला वाकून नमस्कार केला. महाराजांपुढे तिने कालची भाकरी ठेवली.

"अगं, ते ताट माझं ना?"

"छे! ते महाराजांचं. महाराज खुंटीवर आहेत. तुम्ही आमच्यासारखेच साधे. जेवल्यावर ताट तेवढं घासून ठेवा."

महाराजांनी झटकन माळ गळ्यात घातली.

"या महाराज," काकू म्हणाली. "मग आता ही चिलीम कोणाची?"

महाराज पोळीकडे बघत म्हणाले, "कोणाची का असेना, टाक उकिरड्यावर!"

काका हसत सुटला आणि स्वतःच उठून चिलीम फेकून आला. मग महाराजांनी सात पोळ्या खाल्ल्या आणि आठवीला ते काकूला म्हणाले की, आता थोडं... थांबा, काकू हाक मारते आहे. आले गं काकू, आले!