कासवाला दिलेला शब्द

ऐका हं. समुद्रात एक बेट होतं, आणि ते बेट म्हणजे चक्क एक म्हातारं कासव. त्याच्या पाठीवर गाव. गावाची राणी हिराई.

एक दिवस कासव म्हणालं, "किनाऱ्याजवळ राहू, की दूर समुद्रात जाऊ? सगळे मिळून सांगा." मग चौकात रांजण ठेवला. ज्यांना राहायचं त्यांनी सुपारी टाकली, ज्यांना जायचं त्यांनी शिंपला. मोजले, तर सात शिंपले जास्त. पुनवेला निघायचं ठरलं.

मग गावात धुसफूस सुरू झाली. भागी कोळीण रडत आली. "राणीसाहेब, मी शिंपला टाकला खरा. पण लेक किनाऱ्यावर दिलीय. ती पुन्हा दिसायची नाही, हे तेव्हा सुचलंच नाही. परत विचारा."

मग धर्मा सुतार आला. "किनाऱ्यावरचे लोक आपली झाडं तोडून नेतात, म्हणून आम्ही शिंपले टाकले. आम्ही जिंकलो. आता परत विचारलंत, तर उद्या तुमचा शब्द कोण मानील?"

मग राणी पाण्याकाठी गेली. कासव म्हणालं, "परत सांगितलंत तरी ऐकेन. पण पाठीवर मारामारी झाली, तर मला सोसायची नाही. मी बुडी मारीन."

राणी माघारी फिरली. विचारावं तर भांडण, न विचारावं तर अर्धं गाव रडत निघणार. आणि पुनव दोन दिवसांवर आलेली, बरं का.

शेवटी ती एकटीच धर्माच्या दारी गेली. "तू हो म्हणालास तरच विचारीन. कौल काहीही येवो, झाडांवर पहारा बसेल. ते मी आधीच करायला हवं होतं, माझं चुकलं. आणि तिसऱ्यांदा विचारणार नाही."

धर्मानं हातातला रंधा खाली ठेवला. मग म्हणाला, "विचारा."

पुन्हा रांजण भरला. मोजले, तर अकरा सुपाऱ्या जास्त. धर्मा उठला, घरी गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला. बायांनी पोरं पोटाशी धरली. पायाखालची जमीन हळूच हलली.

धर्मा थेट धक्क्यावर गेला आणि एक ओंडका तासायला बसला. "पहाऱ्याला चौकी नको?" एवढंच म्हणाला.

मग एकेक जण मदतीला गेला. शिंपलेवाले गेले, सुपारीवालेही गेले.

कासवानं पाय सैल सोडले आणि डोळे मिटले. पुढं ते गाव सुखानं नांदलं. आता तुम्हीही डोळे मिटा बघू.