सोनेरी भिंतीतली राणी

एका राज्यात रत्नध्वज नावाचा राजा होता. शूर होता, दानी होता, प्रजेला छळणारा नव्हता. पण त्याला सजावटीचा भारी सोस. देशोदेशीच्या राजांनी आपल्या महालात यावे, उंबरठ्यावरच थबकावे आणि घरी परतल्यावर स्वतःच्या भिंतींकडे पाहून बेचैन व्हावे, अशी त्याची हौस. एखाद्या दूताने परमुलखातल्या पडद्यांचे वर्णन केले, की तसेच पडदे रत्नध्वजाच्या महालात लटकत. कुठे निळ्या फरशीचे नाव निघाले, की इथली हिरवी फरशी उखडली जाई. राजा करी ते प्रजा करी. महालात केशरी रंग लागला, की गावातली दारे केशरी होत.

त्याची राणी अंबुजा ही तळ्यांच्या देशाची राजकन्या. तिने काय नेसावे, कोणत्या आसनावर बसावे, हेही राजाच ठरवी. सकाळी दासी सारजा तबकात वस्त्र आणून ठेवी, राणी ते नेसे. लग्न होऊन नव्याने आली, तेव्हा तिने एकदा राजाला विचारले होते, की माझ्या दालनाच्या भिंती मी माझ्या मनाने रंगवून घेऊ का? राजा म्हणाला होता, "तू कशाला तसदी घेतेस? तुला काय शोभेल ते मी जाणतो." त्याने हे प्रेमानेच म्हटले होते. राणीने पुन्हा कधी विचारले नाही.

अशी पुष्कळ वर्षे गेली. मग हिरण्यकेश नावाचा जादूगार दरबारात आला. त्याच्या काखेत लोखंडाची पेटी होती आणि पेटीत सोनेरी रंगाची भुकटी. कितीही उपसली तरी ती संपत नसे आणि एकदा लावलेला रंग विटत नसे. राजाचे डोळे लकाकले.

जादूगार म्हणाला, "राजा, या रंगाला एक अट आहे. ऐकायची आहे?"

"असा रंग दुसऱ्या कोणा राजाकडे आहे का?" राजाने विचारले.

"नाही."

"मग मला एवढे पुरे."

जादूगाराने पेटी ठेवली आणि तो निघून गेला.

महाल सोनेरी झाला. खांब, छत, झुंबरे, उशांच्या खोळी, सारे सोनेरी. राणीची वस्त्रे तर सर्वांत आधी त्या रंगात बुडाली. पेटी आटत नव्हती, म्हणून राजाने प्रजेलाही रंग वाटला, आणि थोड्याच काळात सगळे गाव एकसारखे झळाळू लागले. पाखरे दिपून उडून गेली. घराघरांत फरक उरला नाही, त्यामुळे खेळायला गेलेल्या लेकरांना आपले दार ओळखू येईना. ती भलत्याच उंबऱ्यावर रडत बसत.

एके सकाळी सारजा तबक घेऊन आली, तर पलंग रिकामा. दालनाच्या सोनेरी भिंतीवर एक चित्र उमटले होते. अंबुजा राणी मान खाली घालून बसलेली, हात मांडीवर. सारजाने भिंतीला हात लावला. भिंत कोमट होती.

राजा धावत आला. त्याने हाका मारल्या, भिंत खरवडून पाहिली, जादूगाराच्या मागे स्वार धाडले. जादूगार सापडला नाही. तेव्हा खिडकीबाहेरच्या शिंदीच्या झाडावरून सुगरण पक्षी बोलला. गावात राहिलेले ते एकच पाखरू. त्या राज्यात पाखरांना माणसांची भाषा येत असे.

"राजा, जादूगाराची जी अट तू ऐकली नाहीस, ती मी सांगतो. दुसऱ्याने निवडलेला रंग जो रोज निमूटपणे अंगावर घेईल, तो त्या रंगातच विरून जाईल. राणीला परत आणायचे तर तीन गोष्टी कर. या दालनाची भिंत, तिच्या अंगावरचे वस्त्र आणि दारावरचा पडदा, तिन्ही तिच्या मनातले हवेत. जितक्यांदा चुकशील, तितकी ती पुसली जाईल."

राजाला हायसे वाटले. यात कठीण ते काय? त्याने शेंदरी रंग मागवला आणि भिंतीवर पहिला हात फिरवला. क्षणात चित्रातल्या राणीच्या डाव्या हाताची बोटे सोन्यात मिसळून नाहीशी झाली.

राजाच्या हातातला कुंचला गळून पडला. इतक्या वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदा तिच्या दालनात खाली बसला आणि आठवू लागला, की हिला कोणता रंग आवडतो? त्याला तिची सगळी वस्त्रे आठवली. ती सगळी त्यानेच निवडलेली होती.

त्याने सारजाला विचारले. सारजाने सांगितले, की राणीसाहेब आवडीनिवडीचे कधी बोलत नसत. मात्र उन्हाळ्यात दुपारी त्या पाणघरात येत आणि पाण्याने पाझरणाऱ्या मातीच्या माठाला गाल लावून उभ्या राहत. का, ते त्यांच्या माहेरी विचारावे.

राजा एकटाच तळ्यांच्या देशाला गेला. तिथे अंबुजेची धाकटी बहीण कुमुद राज्य करीत होती. तिने सारे ऐकून घेतले आणि सांगितले, की लहानपणी त्या दोघी तळ्याकाठच्या मातीच्या खोलीत दुपारी निजत. भिंतींवर आतून ओल चढलेली असे, आणि बाहेर ऊन रणरणत असे. मोठी झाल्यावर माझी खोली अशीच ओल्या माठाच्या रंगाची करीन, असे अंबुजा म्हणायची.

"मग हे तू मला कधी कळवले का नाहीस?" राजाने विचारले.

कुमुद म्हणाली, "भावजी, ती माहेरी यायची तेव्हा रत्नांनी मढलेली असायची. आम्ही ते पाहून सुखावत होतो. तुला तिथे काय आवडते, असे आम्हीही तिला विचारले नाही."

त्या खोलीच्या भिंतींची माती तळ्याच्या तळाशी होती आणि तिच्यावर एक म्हातारे कासव पहारा देत होते. राजा पाण्यात शिरला, पण त्याचा सोनेरी अंगरखा बुडेना. पाणी त्या रंगाला जवळ घेत नव्हते. कासवाने मान वर काढली आणि माती कोणासाठी हवी ते विचारले. राजाने राणीचे नाव सांगितले. तिने मागितली आहे का, असे कासवाने विचारले.

"तिने एकदा मागून पाहिले होते," राजा म्हणाला. "मी ऐकले नाही."

कासव बाजूला झाले. राजाने अंगरखा काठावर टाकला, साध्या धोतरानिशी तळ गाठला आणि मुकुटात भरून माती वर आणली.

वस्त्राचे मात्र कुमुदला ठाऊक नव्हते. लग्नानंतरची अंबुजा तुमच्या घरची, ती म्हणाली. तिने राजाला नदीच्या उतारावर राहणाऱ्या यक्षिणीकडे पाठवले. माणूस जे जे डोळे भरून पाहतो, ते त्या यक्षिणीच्या डोहात साठते, अशी तिची ख्याती होती.

यक्षीण डोहाच्या कडेला दगडावर बसली होती. राजाने नमस्कार केला आणि आधी मोल विचारले. ती म्हणाली, "यापुढे तुला सोनेरी रंग दिसणार नाही. सोने राखेसारखे दिसेल." राजाने होकार दिला.

डोह उजळला. राजाला राणीच्या नजरेने त्याचेच राज्य दिसू लागले. जांभळे खाऊन जिभा दाखवणारी पोरे दिसली. उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या दिसल्या. पावसाने काळवंडलेला दगडी पार दिसला. मिरवणुकीत तिने मेणा थांबवला होता तो प्रसंगही दिसला. तेव्हा राजाने भोयांना पुढे हाकलले होते. ती काय पाहत होती, ते आज कळले. वाळक्या फांदीवर मातकट रंगाचा नीलकंठ पक्षी बसला होता. तो उडाला, पंख उघडले, आणि आत निळाईच निळाई होती. ती निळाई राणीने मान वळवून वळवून पाहिली होती.

आणि डोहात राजाही दिसला. सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळदा, पाठमोरा, हसताना, जेवताना. पुढे क्वचित. शेवटच्या वर्षांत तो डोहात कुठेच नव्हता. राजाने पुन्हा पुन्हा वाकून पाहिले.

"आणखी नाही का?" त्याने विचारले.

"जे आहे तेवढेच," यक्षीण म्हणाली.

तिने डोहात हात घालून एक वस्त्र ओढून काढले. वरून ते वाळल्या गवतासारखे मातकट होते, पण घडी उलगडली की आतून निळे. राजाने ते छातीशी धरले आणि घरची वाट धरली.

महाल त्याला राखेचा दिसला. तो थेट राणीच्या दालनात गेला. कोणा कारागिराला न बोलावता त्याने स्वतःच्या हातांनी भिंत सारवली. जिथे ओली माती लागे, तिथला सोन्याचा पापुद्रा सुटून खाली पडे. चित्रातल्या राणीने मान वर केली. मग त्याने ते वस्त्र भिंतीशी धरले. चित्रातले सोनेरी लुगडे मातकट झाले आणि पदराची कड निळी झळकली. पण राणी बोलेना, हलेना.

उरला पडदा. तो कोणालाच माहीत नव्हता. डोहातही तो नव्हता, बहिणीलाही ठाऊक नव्हता. राजाने रंगांची भांडी समोर मांडली. वाटले, राणीला माती आवडते, निळाई आवडते, तर पडदा जांभळा शोभेल. त्याने कुंचला उचलला.

"राजा," सुगरण पक्षी खिडकीत येऊन म्हणाला, "आम्ही नर घरटे विणतो, पण अर्धे झाले की थांबतो. मग ती येते, आत डोकावते. तिला रुचले तर पुढे विणतो. नाही रुचले तर ते तसेच लोंबत राहते. त्या शिंदीवर माझी किती अर्धी घरटी आहेत, पाहा."

राजाने कुंचला खाली ठेवला. तो चित्रासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"अंबुजा, दारावर काय लावू?"

मग भिंतीतून राणीचा आवाज आला.

"काहीच नको. मला दार उघडे हवे."

राजाने पडद्याचा दांडा उपटून काढला. वारा आत आला, आणि राणी भिंतीतून उतरून जमिनीवर उभी राहिली. डाव्या हाताची बोटे तेवढी सोन्याची राहिली होती. त्यांना स्पर्श कळत नव्हता.

राजाने आपण कुठे कुठे गेलो ते सांगितले. तळ्याची माती, कासव, डोह, सारे. राणीने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"महाराज, एवढे लांब कशाला गेलात?" ती म्हणाली. "मी इथेच होते."



त्याच घटकेला लोखंडी पेटीतली भुकटी माती झाली आणि गावभरचा सोनेरी रंग भिंतींवरून झडून पडला. खाली जुने रंग होते, कुठे पोपटी, कुठे गेरूचा, कुठे नुसता चुना. लेकरांना आपापली दारे सापडली. पाखरे परतली. राजाने दवंडी पिटवली, की यापुढे ज्याने त्याने आपले घर आपल्या मनाने रंगवावे, महालाकडे पाहू नये. पहिल्या वर्षी लोक गोंधळले. कित्येकांना आपल्याला काय आवडते तेच सांगता येईना. हळूहळू ज्याला त्याला आपले सापडत गेले.

राणी आपल्या दालनात राहिली. राजा रोज सकाळी उघड्या दाराशी येई आणि आत येऊ का, असे विचारी. कधी ती या म्हणे, कधी नको म्हणे. नको म्हटले, की तो परत जाई. गेलेली वर्षे दोघांच्याही मनात असत, पण त्यांचे काय करावे ते कोणालाच कळत नसे.

एके सकाळी तिनेच विचारले, "महाराज, आपल्याला कोणता रंग आवडतो?"

राजा सांगायला गेला आणि थांबला. त्याने आयुष्यभर जे जे निवडले, ते दुसऱ्यांना हेवा वाटावा म्हणून. स्वतःच्या डोळ्यांना काय बरे वाटते, हे त्याने स्वतःलाही विचारले नव्हते.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

राणी खिडकीत बसली होती. ती थोडी सरकली आणि तिने शेजारी त्याच्यापुरती जागा केली. मग दोघे बाहेर पाहत बसले.