एकतीस तारखेचं पाणी

नगराध्यक्षांचा फोटो लोकांच्या मोबाईलवर झळकला आणि त्याच मिनिटाला कुंभार आळीचं पाणी गेलं!

माळशेंद्रे गावात कुठल्या आळीला कधी पाणी सोडायचं, हे नगरपरिषदेतला एक कॉम्प्युटर प्रोग्राम ठरवायचा. प्रोग्राम चौदा वर्षं जुना, ठिगळांवर ठिगळं लावलेला. नगराध्यक्ष भाऊसाहेब भोपळ्यांना मात्र नव्याची भारी हौस! कधी फोटो, कधी वाढदिवसाच्या शुभेच्छा, कधी स्वागतगीत. एक नवं आत घातलं की दोन जुनी बिघडायची.

तो प्रोग्राम सांभाळायची रेश्मा शिकलगार. तिचे अब्बा गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावत. पोरीची जीभही बहुधा त्याच चाकावर घासलेली!

"साहेब," ती म्हणाली, "घर गळतंय. आधी कौलं चाळू, मग भिंतीला रंग देऊ."

"चाळलेल्या कौलांचा फोटो पेपरात येत नाही!" भाऊसाहेब कडाडले. "मला येते तीन सोमवार तीन नव्या सुविधा पाहिजेत. दर सोमवारी नारळ फुटणार, पत्रकार येणार. गावातून एक तक्रार आली तर तू घरी! आणि 'दुरुस्ती' हा शब्द तोंडून निघाला, तरी तू घरी!"

रेश्माची नोकरी कंत्राटी, अब्बांचे हात आता थरथरणारे. तक्रारी थांबवायच्या तर बिघाड काढायला हवेत, आणि बिघाड काढायचे तर नवं काही करायला वेळ कुठला? दोन दिवस ती तक्रारींची वही चाळत बसली. तिसऱ्या दिवशी स्वतःशीच खुदकन हसली आणि कामाला लागली.

पहिला सोमवार. हार, नारळ, पत्रकार. रेश्माने माईक घेतला.

"माननीय भाऊसाहेबांची नवी सुविधा! आजपासून ज्या आळीचं बटण दाबू, त्याच आळीला पाणी जाईल!"

भाऊसाहेब तिच्या कानाशी कुजबुजले, "म्हणजे आजवर जात नव्हतं?"

"शिंप्यांचं बटण दाबलं की तांबटांकडे जायचं, साहेब. शिंपी बिचारे तांबटांच्या दारात घागरी घेऊन उभे राहायचे."

तेवढ्यात शिंपी आळीतून टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की भाऊसाहेबांनी घाईघाईने नारळ फोडला.

दुसरा सोमवार. "नवी सुविधा! पाणी येणार असल्याचा मेसेज यापुढे पाणी येण्याच्या आधी येईल!"

पुन्हा टाळ्या. एका आजीबाईंनी तर भाऊसाहेबांची अलाबला घेतली. भाऊसाहेब फुलून गेले.

तिसरा सोमवार महिन्याच्या एकतीस तारखेला आला. रेश्माने घोषणा केली, "नवी सुविधा! एकतीस तारखेचं पाणी!"

नळ सुटले. बायका ओरडत बाहेर आल्या, "अगं बाई, एकतीस तारखेला पाणी!" त्या प्रोग्रामच्या हिशेबात महिना तीसच दिवसांचा होता. चौदा वर्षं गाव एकतीस तारखेला कोरडं राहत होतं आणि तीस तारखेला हंडे भरून ठेवत होतं.

विरोधी नगरसेवक टिल्लू पाटील टुणकन उठले. "भाऊसाहेब, ही पोरगी तुम्हाला बनवतेय! ही कसली सुविधा? ही तर नुसती दुरुस्ती!"

भाऊसाहेबांचा चेहरा लालबुंद. "रेश्मा! खरं का हे?"

"साहेब, तो शब्द पाटलांच्या तोंडून निघाला. घरी जायचं तर त्यांनी जायचं!"

लोक फिसकन हसले.

"शब्दांशी खेळू नकोस! मी नवं मागितलं होतं!"

"गावाने जे कधी पाहिलं नाही, ते नवंच की हो! तीन आठवड्यांत तक्रार आली का एक तरी?"

भाऊसाहेब घुटमळले. "तक्रार नाही आली... पण माझ्या फोटोचं काय? गाण्याचं काय? लोकांच्या तोंडी माझं नाव कसं राहणार?"

"आत्ता नळावर बाया तुमचंच नाव घेतायत, साहेब. आधीही घ्यायच्या... पण तेव्हा शेजारी लहान मुलं असली तर त्यांचे कान झाकायला लागायचे!"

मग भाऊसाहेबांचं पोट गदगदा हललं आणि ते असे हसले, की गळ्यातला हार तुटून झेंडू माईकवर सांडले. डोळे पुसत त्यांनी तिथल्या तिथे रेश्माला कायम करण्याचा ठराव मांडला. टिल्लू पाटलांचा हातसुद्धा वर गेला; त्यांच्याही नळाला पाणी आलं होतं!

"पण पोरी," भाऊसाहेब हात जोडून म्हणाले, "महिन्यातला एक सोमवार तरी माझ्या गाण्याला ठेव!"

"ठेवला, साहेब! आधीचे तीन तक्रारीविना गेले, की चौथा तुमचा. हवं तर स्वतः गा!"