मनोऱ्याकडे पाठ केलेली खुर्ची

दक्षिण स्पेनमधल्या एका जुन्या शहरात एक मशीद आहे, तिचंच पुढे चर्च झालं. आत घोड्याच्या नालेसारख्या कमानी, वर क्रूस, बाहेर संत्र्यांच्या झाडांचं अंगण. अंगणातून पाण्याचा पाट वाहतो. पाटाकाठी एक रिकामी खुर्ची असते, घंटेच्या मनोऱ्याकडे पाठ केलेली. दमलेला पाहुणा तिच्यावर टेकायला गेला, की शहर दाखवणाऱ्या आंपारोआजी त्याला दंडाला धरून बाजूला करतात. "मनोरा दरवाजासमोर नाही, एका अंगाला सरकलाय, दिसतंय ना? तो या खुर्चीमुळे," असं म्हणून त्या गोष्टीला हात घालतात.

मशिदीचं चर्च झालं तेव्हा म्हणे बिशपांनी बरोबर दरवाजासमोर मनोरा बांधायचं ठरवलं. काम मिळालं लोपे गवंड्याला. अशा कामासाठी त्याने उभं आयुष्य वाट पाहिली होती. पण पाया नेमका पाटावर येत होता. नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, वजूसाठी, आणलेलं ते पाणी अंगण ओलांडून खालच्या गल्लीत जाई, आणि सगळी गल्ली तेच पीत असे. लोपेचं घरही त्याच गल्लीत होतं.

त्याच्या बायकोने, मेन्सियाने, आधी घरातच समजावून पाहिलं. लोपे म्हणाला, "नदी आहे की." तिथून चढावर घागरी कोण वाहणार, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही, आणि मेन्सिया भडकली ती त्यावरच. खोदाईच्या सकाळी ती घरातली खुर्ची डोक्यावर घेऊन निघाली, आखणीच्या मधोमध मांडली आणि नवऱ्याकडे पाठ करून बसली. ऊन डोक्यावर आलं तरी ती हलेना. बिशप संतापले. "उचला तिला," म्हणाले. मजूर सगळे त्या गल्लीतलेच, कोण पुढे होणार? सगळ्यांनी लोपेकडे पाहिलं.

तो तिच्याजवळ गेला. "मेन्सिया, हा मनोरा गेला तर दुसरा मिळायचा नाही मला."

"ठाऊक आहे," ती मान न वळवता म्हणाली. "म्हणून दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. उचलायचं तर तूच उचल."

असं सांगतात, की लोपे वाकला, पण त्याने हात घातला तो आखणीच्या दोरीला. दोरी उपटून त्याने पाटापासून दूर ठोकली. बांधकामाबाबत जन्मात खोटं न बोललेला तो माणूस बिशपांना म्हणाला, "इथली जमीन पोकळ आहे. मनोरा सरकवावा लागेल." मनोरा देखणा झाला, पण भलत्या जागी. परगावचे गवंडी त्याच्या नजरेला नावं ठेवत, आणि लोपे मुकाट्याने ऐकून घेई.

पहिली घंटा वाजली त्या संध्याकाळी मेन्सिया पुन्हा खुर्ची घेऊन आली. या वेळी ती मनोऱ्याकडे तोंड करून बसली आणि अंधार पडेपर्यंत नवऱ्याचं काम पाहत राहिली.

आजही गल्लीतल्या बायका पाळीपाळीने सकाळी तिथे खुर्ची मांडतात, मनोऱ्याकडे पाठ करून. संध्याकाळी घंटा झाली की ती फिरवायची असते, आणि ते काम त्या घरच्या पुरुषाचं. पण आधी त्याने नदीवरून एक घागर भरून आणायची, चढ चढून, स्वतःच्या खांद्यावर. घागर पाटात रिकामी केल्याशिवाय त्याला खुर्चीला हात लावू देत नाहीत.