साकवाचा वासा आणि काळा भुंगा

एक होता ओढा. ओढ्यावर होता लाकडी साकव. माणसं चालली की वाजायचा, खडाम खडाम. साकवाच्या वाशाला होतं एक भोक. भोकात राहायचा काळा भुंगा.

एकदा तिथे सिमेंटचा पूल झाला. साकव मोडला. वासा पडला चिखलात. भुंग्याचं घर गेलं.

गुं गुं गुं. भुंगा निघाला. सुतारकाका बालवाडीची पडवी बांधत होते.

“सुतारकाका, सुतारकाका, साकवाचा वासा पडवीला लावा. भुंग्याला घर मिळेना.”

“लावीन की. जुना साग तो. नवं झाड तोडायला नको. पण त्यात खिळे आहेत. आधी पकडीला खिळे काढू दे.”

गुं गुं गुं. भुंगा गेला पकडीकडे.

“पक्कडबाई, पक्कडबाई, खिळे काढ.
सुतार वासा लावीना,
भुंग्याला घर मिळेना.”

“मी गंजले रे. तोंडच उघडत नाही. आधी शेजारच्या गोदाकाकूला तेल घालू दे.”

गुं गुं गुं. भुंगा गेला काकूकडे.

“गोदाकाकू, गोदाकाकू, तेल घाला.
पक्कड खिळे काढीना,
सुतार वासा लावीना,
भुंग्याला घर मिळेना.”

“घालते रे राजा. पण माझी ठकू बघ, सकाळपासून रडतेय. आधी ती हसू दे.”

गुं गुं गुं. भुंगा गेला ठकूकडे.

“ठकूताई, ठकूताई, हस ना गं.
काकू तेल घालीना,
पक्कड खिळे काढीना,
सुतार वासा लावीना,
भुंग्याला घर मिळेना.”

“माझा साकव कुठे गेला?” ठकू म्हणाली. “मी त्यावर बसायचे. पाय खाली सोडायचे. साकव गाणं म्हणायचा.”

“अगं, ते गाणं माझंच,” भुंगा म्हणाला.

तो तिच्या कानाशी बसला. गुंऽऽ गुंऽऽ गुंऽऽ.

ठकूने डोळे मिटले. खाली पाणी खळखळलं. वर माणसं चालली, खडाम खडाम. ठकू पाय हलवू लागली.

आणि खुदकन हसली.

ठकू हसली,
काकूने तेल घातलं, टप टप.
पकडीने खिळे काढले, कुईं कुईं.
सुतारकाकांनी वाशाला रंधा मारला, सर्र सर्र.

लाकडाला जुना वास सुटला. काकांनी वाशावरून हात फिरवला. “माझ्या बाबांनी घातला होता हा साकव,” ते म्हणाले.

मग वासा पडवीला लागला. काका भोक बुजवायला निघाले.

“नको, काका,” ठकू म्हणाली. “तिथे गाणं राहतं.”

“असं होय? मग राहू दे.”

भुंगा भोकात शिरला. गोल फिरला. गप्प बसला.

वासा राहिला पडवीत, भुंगा राहिला वाशात, आणि आपली गोष्ट निजली तुझ्या उशाशी.