चौथ्या दिवसाचं कुलूप

"फुकट ठेवू, की पैसे लावू? एका शब्दात सांगा, वस्ताद."

कासम वस्तादांनी इंद्रजितचा डावा हात स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि निखळलेल्या बोटाला तेल चोळायला सुरुवात केली.

सकाळी क्रिकेटचा झेल घेताना बोट सांध्यातून सुटलं होतं. वाटेत दोन दवाखाने लागले, पण गडी थांबला नाही. गाडी दामटत थेट लहानपणच्या तालमीत आला. बोटाइतकाच त्याला हा प्रश्नही ठणकत होता.

त्याने कंबरदुखीवर मोबाइलचं अ‍ॅप काढलं होतं. रोज एक व्यायाम, असे अकरा दिवस. त्यातले निम्मे व्यायाम याच वस्तादांनी शिकवलेले. दोन लाख माणसं ते फुकट वापरत होती आणि तोंडभरून आशीर्वाद देत होती. आता आशीर्वादावर नऊ जणांचे पगार कसे व्हायचे? पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्यात गाशा गुंडाळायची वेळ होती.

"पहिल्या दिवशी पैसे मागितले तर कुणी फिरकत नाही," इंद्रजित म्हणाला. "शेवटी मागितले तर बरा झालेला माणूस कशाला देतोय? म्हणून मी बरोब्बर मधली जागा हेरलीय."

"कुठली रं?"

"चौथा दिवस! तीन दिवस फुकट, चौथ्या दिवशी कुलूप. थोड्या लोकांवर करून बघितलं. शंभरातले साठ मुकाट भरतात."

"चौथाच का?"

इंद्रजित याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याची कळी खुलली.

"अहो, तुम्हीच शिकवलंय की! चौथ्या दिवशी अंग धरतं. उठता येत नाही, बसता येत नाही. तिथं माणूस अर्ध्यावर सोडूच शकत नाही. उद्या सकाळी नऊला सगळ्यांना लावतोय. तुम्ही फक्त हो म्हणा."

वस्ताद तेल चोळत राहिले...

चाळीस वर्षं त्यांनी हाडं बसवली, पण दर कधी सांगितला नाही. देणारा देई, न देणारा नुसता हात जोडून जाई. त्यामुळे म्हातारा 'फुकटच ठेव' म्हणणार, असा इंद्रजितचा होरा होता. त्यावरचं उत्तरही तो घोकून आला होता.

वस्तादांनी बोट धरलं. हळूहळू ओढलं. सांधा ताणला गेला... आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"वस्ताद... बसवा की!"

"हितपर्यंत फुकट."

इंद्रजितला आधी हसू आलं. मग कळ खांद्यापर्यंत गेली आणि हसू कुठल्या कुठं पळालं. वस्ताद शांतपणे समोरच्या भिंतीकडे बघत होते. पकड ढिली होईना, पुढेही सरकेना.

"आई गं!... किती? किती द्यायचे?"

"तूच सांग."

"घ्या हो काय घ्यायचं ते! पाच हजार घ्या, दहा घ्या... ती गाडी घ्या, पण सोडवा!"

खट्.

बोट जागेवर बसलं.

इंद्रजितच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि डोकं भडकलं होतं. "हे काय वागणं झालं, वस्ताद? हातात सापडलेल्या माणसाशी असं..."

बोलता बोलता त्याची नजर शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर गेली.

वस्तादांनी बोट दोनदा वाकवून पाहिलं. शेजारच्या बोटाला जोडून कापडाची पट्टी बांधली. त्यांना कसली घाई नव्हती. कळ ओसरत गेली. इंद्रजितला इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

"नऊ घरं आहेत माझ्या भरवशावर," तो खालमानेनं म्हणाला. "कधीतरी मागायला तर लागणारच ना?"

वस्तादांनी तेलाची वाटी उचलून कोनाड्यात ठेवली.

जायला उठताना इंद्रजितने उजव्या हाताने खिसा चाचपला आणि पाचशेची नोट काढली. ती कुणी मागितली नव्हती. घेतील की फेकतील, या धास्तीने त्याने ती पुढे धरली.

वस्तादांनी नोट घेतली, कपाळाला लावली आणि कनवटीला खोचली.

"ही घेतली. मघाशी कळ लागली म्हणून देत होतास, ते घेऊन जा."